‘बदला पुरा’चे फलक आणि भूमीची साक्ष

29 सप्टेंबर 2024, रविवार. उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत एका मृतदेहासाठी खड्डा खणण्यात आला. आसपासच्या लोकांनी तो बुजवून टाकला. पोलिसांनी विरोध करणाऱ्यांना ताब्यात घेतले, खड्डा पुन्हा मोकळा केला आणि कडक बंदोबस्तात दफन उरकले. मृतदेह होता बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचार प्रकरणातल्या आरोपीचा. त्याआधी सहा दिवस त्याच्या आईवडिलांना कुठे जागा मिळत नव्हती. बदलापुरात विरोध झाला, अंबरनाथमध्ये विरोध झाला. शेवटी प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि जागा शोधण्याची जबाबदारी पोलिसांवर आली.

‘आमच्या मातीत नको.’ हे वाक्य आपल्या वाचकांना नवे नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आजही बौद्धांची, मातंगांची स्मशानभूमी वेगळी असते, काही ठिकाणी ती नसतेच, आणि घरात प्रेत ठेवून जागेसाठी तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. एका ठिकाणी माणूस केवळ जन्मामुळे नाकारला जातो, दुसऱ्या ठिकाणी एका भयंकर आरोपामुळे. पण मेलेल्या देहाने जमीन बाटते ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे. ती कायद्याच्या पुस्तकातून आलेली नाही. तिचे मूळ फार जुने आहे. अशा जुन्या कल्पना आपल्या मनात कशा राहतात, संकटाच्या वेळी कशा उठून उभ्या राहतात आणि आपल्याकडून काय करून घेतात, याचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची एक शाखा आहे. अंबरनाथमध्ये बसून तिच्याकडे बघायला हरकत नाही. कर्जत मार्गावर उल्हासनगर आणि बदलापूर या दोन स्टेशनांच्या मधोमध आपण आहोत. गुन्हा एका बाजूला घडला, दफन दुसऱ्या बाजूला झाले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हा विषय काढला की लगेच विचारले जाते, ‘तुम्ही त्याची बाजू घेता का?’ नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बालवाडीच्या वयाच्या दोन मुलींवर शाळेच्या स्वच्छतागृहात अत्याचार झाल्याची तक्रार आली. ती नोंदवून घ्यायला पोलिसांनी इतका वेळ लावला की पालकांना ठाण्यात तासनतास ताटकळावे लागले. 20 ऑगस्टला बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले, दिवसभर अंबरनाथ ते कर्जत गाड्या बंद राहिल्या. त्या गर्दीत मोठ्या संख्येने बाया होत्या, लहान मुलींच्या आया होत्या. तो संताप शंभर टक्के रास्त होता. त्याच संतापामुळे ठाण्यातल्या अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, विशेष तपास पथक नेमले गेले आणि 22 ऑगस्टला उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. गर्दी प्रश्न विचारत होती: शाळेने काय केले? पोलीस का थांबले? सीसीटीव्हीचे चित्रण कुठे गेले? (काही दिवसांचे चित्रण मिळत नसल्याचे तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितले होते.)

23 सप्टेंबरला आरोपीला तळोजा कारागृहातून दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी बदलापूरकडे नेत होते. मुंब्र्याजवळ पोलीस व्हॅनमध्येच तो गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला आणि स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर फटाके वाजले, पेढे वाटले गेले. मुंबईत फलक लागले: ‘बदला पुरा’. फलकावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांचा हातात बंदूक घेतलेला फोटो. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती.

महिन्याभरापूर्वी विचारलेले सगळे प्रश्न त्या एका चित्राने पुसून टाकले. हे कसे घडते?

कार्ल युंग (1875–1961) या स्विस मानसशास्त्रज्ञाचे म्हणणे असे की, माणसाच्या वैयक्तिक मनाच्या खाली एक सामूहिक नेणीव असते आणि तिच्यात काही मूळ आकृत्या असतात. मराठी समीक्षेत त्यांना आदिबंध म्हणतात. आई, म्हातारा ज्ञानी, वीर, राक्षस, पवित्र बालक. आजीच्या कहाणीत, पुराणात, सिनेमात आणि स्वप्नात त्याच आकृत्या कपडे बदलून येतात. युंगने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्या कामाची आहे. स्वतःमधले जे आपल्याला बघवत नाही, त्याला त्याने ‘छाया’ म्हटले. ही छाया आपण दुसऱ्या कुणावर तरी टाकतो आणि मग त्याला मारून स्वच्छ झाल्यासारखे वाटून घेतो. युंगनंतर अमेरिकेच्या जेम्स हिलमन (1926–2011) यांनी यातूनच आदिबंधात्मक मानसशास्त्र नावाची स्वतंत्र शाखा उभी केली. ‘री-व्हिजनिंग सायकॉलॉजी’ हे त्यांचे पुस्तक 1975 चे. मन म्हणजे डोक्यात बंद असलेली वस्तू नव्हे, ते रस्त्यांत, इमारतींत, पोस्टरांत, राजकारणातही असते, असा त्यांचा आग्रह होता. दुसरा आग्रह असा की, प्रतिमेला प्रतिमा म्हणूनच बघा. ती शब्दशः खरी मानून जगायला लागलात की तीच तुम्हाला चालवू लागते.

‘बदला पुरा’चा फलक हा या दुसऱ्या मुद्द्याचा नमुनेदार दाखला आहे. वीर राक्षसाला मारतो, ही जगातली सर्वात जुनी गोष्ट. गोष्ट म्हणून ती वाईट नाही; लहान मुलाला अंधाराची भीती घालवायला तिचा उपयोग होतो. पण या गोष्टीचे काही नियम आहेत आणि ते एकदा लागू झाले की गोष्टीतल्या सगळ्यांच्या भूमिका ठरून जातात. राक्षस एकच असतो. तो मेला की नगर सुखी होते. राक्षसाला साथीदार नसतात, त्याला कामावर ठेवणारी संस्था नसते, तक्रार न घेणारे ठाणे नसते. राक्षसावर खटला चालत नाही. आणि ज्या बालिकेसाठी हे सगळे झाले म्हणतात, तिला गोष्टीत एकही वाक्य बोलायला नसते. ती फक्त वीराच्या पराक्रमाचे निमित्त असते. फलकावर बंदूक होती, फोटो होता. मुली कुठेच नव्हत्या.

हे सगळे सिनेमाने आपल्याला आधीच शिकवलेले आहे. 2011 च्या ‘सिंघम’मध्ये शेवटी पोलीस मिळून खलनायकाला गोळी घालतात, खोटी हकिगत रचतात आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजवते. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अशा चित्रपटांतून घातक संदेश जातो असे जाहीरपणे म्हटले होते. न्यायालयीन प्रक्रिया म्हणजे भित्र्या, चष्मेवाल्या म्हाताऱ्यांचा वेळकाढूपणा, असे तिथे दाखवले जाते. बरोबर एक वर्षाने तीच पटकथा मुंब्र्याजवळ घडली.

हैदराबाद आठवा. 6 डिसेंबर 2019. आपण लाखोंच्या संख्येने चैत्यभूमीवर रांगेत होतो त्या पहाटे, बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांचा आयोग नेमला. 2022 मध्ये खुल्या झालेल्या अहवालात आयोगाने ती चकमक खोटी ठरवली, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस केली आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते असेही नमूद केले. पाकळ्या उधळतानाचे व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिले. अहवाल किती जणांनी वाचला?

बदलापूरच्या बाबतीतही तेच झाले. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्या खंडपीठासमोर आला. त्यात आरोपीच्या मृत्यूला व्हॅनमधले पाच पोलीस जबाबदार असल्याचा निष्कर्ष होता. हिसकावल्याचे सांगितलेल्या पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे सापडले नव्हते. 7 एप्रिल 2025 ला उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवून विशेष पथकाकडून तपास करण्याचा आदेश दिला. या दिवशी कुठे फलक लागला नाही.

इथे थोडे थांबून या मानसशास्त्राविषयी एक सावधगिरी सांगायला हवी. युंगने 1936 मध्ये जर्मनीवर एक निबंध लिहिला. हिटलरच्या मागे धावणाऱ्या जर्मन माणसात वोटान हा जुना वादळी देव जागा झाला आहे, असे त्याने त्यात म्हटले. वाचायला निबंध थरारक आहे. पण त्यात मतपेटी नाही, बेकारी नाही, उद्योगपतींचा पैसा नाही. देव जागा झाला म्हटले की माणसे जबाबदारीतून सुटतात. त्याच 1936 साली बाबासाहेबांचे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ प्रसिद्ध झाले. बाबासाहेबही जात ही मनातली धारणा आहे असेच म्हणतात, म्हणजे प्रश्न मनाचा आहे हे त्यांना मान्य आहे. पण लगेच ते विचारतात की ही धारणा मनात घातली कुणी, कोणत्या ग्रंथाच्या अधिकाराने, आणि तो अधिकार मोडायचा कसा. मला तर वाटते, आदिबंधांची चर्चा बौद्ध तरुणांनी जरूर करावी, पण 1936 ची ही दोन पुस्तके शेजारी ठेवून करावी.

आणि या बाबतीत आपण पाश्चात्त्यांच्या मागे नाही. युंगचा जन्म व्हायला दोन वर्षे असताना, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली. धोंडिबा विचारतो आणि जोतीराव एकेक अवतार उलगडत जातात: मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन, परशुराम. फुल्यांची व्युत्पत्ती आज भाषाशास्त्रज्ञ मान्य करतील न करतील, त्यांची पद्धत बघा. राक्षस म्हणजे रक्षक, असे ते वाचतात. वधाच्या प्रत्येक गोष्टीला ते एकच प्रश्न विचारतात: ही गोष्ट सांगितली कुणी? मेलेल्याची बाजू कुठे गेली? बळीराजाला पाताळात घातल्याची कथा पुराणात विजयाची आहे, पण शेतकऱ्याच्या घरातली बाई दिवाळीत बळीचेच राज्य मागते. एकच प्रतिमा, दोन टोकांनी बघितलेली. हिलमन ज्याला प्रतिमेच्या आरपार बघणे म्हणतात ते पुण्याच्या माळ्याच्या पोराने आधीच करून ठेवले होते, आणि अंबरनाथच्या कुठल्याही विहारातल्या ग्रंथालयात ते पुस्तक मिळेल.

फुल्यांचा हा प्रश्न आज विचारायचा म्हणजे बदलापूरच्या आरोपीला बळीराजा करायचे, असा अर्थ कुणी काढू नये. प्रश्न राक्षसाच्या जागी कोण बसवला जातो हा आहे. बदलापुरात तो शाळेतला सफाई कामगार होता. त्याच्यावरचा आरोप गंभीर होता आणि सिद्ध झाला असता तर कायद्याने कठोर शिक्षा झालीच असती. पण पॉक्सो कायद्याखाली माहिती दडवल्याचा आरोप असलेले शाळेच्या संस्थेचे दोन पदाधिकारी मात्र आठवडे उलटले तरी पोलिसांना सापडत नव्हते. उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारल्यावर 2 ऑक्टोबरला, म्हणजे चकमकीनंतर नऊ दिवसांनी, कर्जतहून त्यांना अटक झाली. गोष्टीतला राक्षस एव्हाना मेलेला होता. त्यामुळे या अटकेत कुणाला फारसा रस उरला नव्हता.

कधी कधी राक्षसाच्या जागी एक माणूस न बसता अख्खी जात बसते. कोपर्डी आठवा. 13 जुलै 2016 ची ती घटना अमानुष होती. आरोपी दलित होते, आणि पाहता पाहता मोर्च्यांत ॲट्रॉसिटी कायद्यातल्या बदलाची मागणी आली. त्या दिवसांत नगर जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये काय वातावरण होते ते कार्यकर्त्यांना माहीत आहे. तिथे खटला चालला. साक्षीपुरावे झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये तिघांना शिक्षा झाली. दीड वर्षाच्या आत. न्यायालयात न्याय मिळतच नाही, असे जे सरसकट सांगितले जाते, त्याच्या विरुद्धचा हा दाखला आपल्याच राज्यातला आहे. फाशीविषयी माझे मत वेगळे आहे, पण गुन्हा कुणी केला आणि कुणी केला नाही हे तिथे कागदावर आले, आणि एका जातीवर टाकलेली छाया ठराविक माणसांपुरती मर्यादित झाली.

आता आपल्या परंपरेकडे येतो.

त्रिपिटकातल्या संयुत्त निकायात माराची एक अख्खी प्रकरणमाला आहे. मार कधी हत्ती होऊन येतो, कधी मोठा साप, कधी बैल शोधत फिरणारा नांगऱ्या. भिक्खुणींकडे तो वेगळ्या वेषात येतो. सोमा भिक्खुणीला तो म्हणतो की दोन बोटांच्या अकलेच्या बाईला हे पद कसे गाठता येणार. प्रत्येक वेळी शेवट सारखाच. ज्याच्याकडे तो आला आहे ती व्यक्ती त्याला ओळखते, आणि ओळखला गेला की मार खिन्न होऊन तिथल्या तिथे नाहीसा होतो. या कथांत माराचा वध कुठेही नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये मार हा मनातल्या विकारांचा पर्याय म्हणूनच घेतला आहे. त्यांच्या लेखी तो बाहेरचा कुणी सैतान नाही. आदिबंधात्मक मानसशास्त्राचे सगळे सार या कथांत आहे असे म्हटले तर हिलमनचे अभ्यासक रागावणार नाहीत.

अजिंठ्याच्या 26 व्या लेण्यात महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प बघायला आपण सगळे जातो. त्याच्या जवळच मारविजयाचा शिल्पपट आहे. सहलीच्या गडबडीत तो राहून जातो. पुढच्या वेळी तिथे दहा मिनिटे थांबा. हत्तीवर मार आहे, त्याचे सैन्य आहे, शस्त्रे उगारलेली आहेत, खाली त्याच्या मुली नाचत आहेत. मध्ये बसलेल्या तथागतांच्या हातात काहीच नाही. उजवा हात गुडघ्यावरून खाली आला आहे आणि बोटे जमिनीला टेकली आहेत. नंतरच्या परंपरेतली कथा अशी की, मार विचारतो, या आसनावर बसण्याचा तुझा अधिकार आहे याला साक्षीदार कोण? माझ्या बाजूने एवढे सैन्य साक्ष देईल, तुझ्या बाजूने कोण? आणि तथागत भूमीला स्पर्श करतात. भूमी साक्ष देते.

वीराची जगभरची चित्रे समोर आणा. हातात त्रिशूल, परशू, तलवार, बंदूक. विजयाचे हे एकच चित्र असे आहे की जिंकणाऱ्याचा हात रिकामा आहे आणि तो साक्षीदार बोलावतो आहे. युंग स्वतः 1937 च्या अखेरीस भारतात आला होता, सांचीलाही गेला, आणि तिथे आपण हेलावून गेलो असे त्याने आपल्या आठवणींत सांगितले आहे. सांचीच्या तोरणांवर तर बुद्धाची मूर्तीच नाही. झाड आहे, पावले आहेत, रिकामे आसन आहे. माराचे सैन्य त्या रिकाम्या आसनासमोर गोंधळलेले दिसते. वीराची जागा मोकळी ठेवण्याची ही कला आपली आहे, आणि तरी सप्टेंबर 2024 मध्ये आपल्याही कित्येक ग्रुपवर, जय भीमच्या स्टिकरशेजारी, ‘बदला पुरा’चा फलक पुढे पाठवला गेला.

व्हॅनमधल्या गोळीने नेमकी साक्षच संपवली. आरोपी जिवंत असता तर त्याची उलटतपासणी झाली असती. आणखी कुणाला माहीत होते, आधी कुणी तक्रार केली होती का, शाळेने कुणाला गप्प बसायला सांगितले, हे सगळे न्यायालयाच्या नोंदीत आले असते. त्या मुली मोठ्या होतील तेव्हा आमच्या बाबतीत काय सिद्ध झाले, असे विचारतील. त्याचे उत्तर देणारे निकालपत्र आता कधीच लिहिले जाणार नाही.

‘तुमच्या घरातली मुलगी असती तर?’ हा प्रश्न येतोच, आणि त्याला झटकून टाकता येत नाही. मला वाटते याचे उत्तर देताना अंगुलिमालाची गोष्ट फार स्वस्तात वापरली जाते. बुद्धाने दरोडेखोराला क्षमा केली, तुम्हीही करा, असे त्या मुलींच्या आईला सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. ती गोष्ट तशी नाहीच. अंगुलिमाल भिक्खू झाल्यावर भिक्षेला निघतो तेव्हा लोक त्याला ढेकळे मारतात, दगड मारतात. डोके फुटते, भिक्षापात्र फुटते, चीवर फाटते. रक्ताने माखून तो परत येतो आणि तथागत त्याला सांगतात, हे सोस, हे तुझ्या कर्माचेच फळ आहे. त्याने मारलेल्यांच्या नातेवाइकांचा राग गोष्टीतून वगळलेला नाही. माफ करा, असे तथागत गावकऱ्यांना सांगत नाहीत.

त्या गोष्टीतले आणखी एक पात्र राजा प्रसेनजित. तो पाचशे घोडेस्वार घेऊन अंगुलिमालाला पकडायला निघालेला असतो. वाटेत तथागतांना भेटतो. तथागत विचारतात, तो माणूस बदललेला दिसला तर काय करशील? राजा उत्तर देतो आणि मग समोरच बसलेल्या अंगुलिमालाला बघून घाबरतो. पण शस्त्र उचलत नाही. गृहखाते ज्याच्या हाती आहे त्याने हे पात्र वाचावे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये पतितांच्या आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेसाठी वेगळा भाग राखून ठेवला आणि त्यात अंगुलिमालाला जागा दिली. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ही गोष्ट पुन्हा लिहायला बसतो, तेव्हा तो ती भाबडेपणाने लिहीत नसतो.

आणि कुणाला हे सगळे फार तात्त्विक वाटत असेल तर परभणी बघा.

10 डिसेंबर 2024. परभणी रेल्वे स्थानकाबाहेरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, तोडफोड झाली, पोलीस वस्त्यांत घुसले, धरपकड झाली. पकडलेल्यांत वडार समाजातला, आंबेडकरी विचारांचा, कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा नोंदवल्या गेल्या. सरकारने विधानसभेत त्याच्या आजाराचे कारण पुढे केले.

मुंब्र्याजवळची गोळी आणि सोमनाथचा मृत्यू यांत 83 दिवसांचे अंतर आहे. राज्य तेच, गृहखाते तेच. कोठडीत नेलेल्या माणसाचे काय करायचे हे पोलिसांनी ठरवावे, अशी मुभा सप्टेंबरमध्ये टाळ्या वाजवून दिली गेली. ती मुभा आरोपीचे चारित्र्य बघून वापरली जात नाही. तोडफोड करणारा दंगलखोर, ही प्रतिमा तयारच होती. निळा झेंडा दिसला की ती लगेच चिकटते. सोमनाथ माणूस म्हणून दिसण्याआधी त्याच्यावर ती प्रतिमा बसली.

परभणीच्या प्रकरणात आपण योग्य तेच केले. बदला मागितला नाही, साक्ष मागितली. सोमनाथची आई न्यायालयात गेली, ॲड. प्रकाश आंबेडकर तिच्या बाजूने उभे राहिले. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 30 जुलैला तिथेही हरले. शवविच्छेदनाचा अहवाल, कोठडीची नोंदवही, दंडाधिकाऱ्यांसमोरचे जबाब, हे भूमिस्पर्शाचे आजचे रूप आहे. त्याला वेळ लागतो, त्यात रोमांच नाही, त्यावर रील होत नाही. पण सोमनाथसाठी जे मागतो ते बदलापूरच्या आरोपीला नाकारायचे, असे दोन्ही एकाच वेळी करता येणार नाही. न्यायालयात उद्या समोरचा वकील हेच आपल्या तोंडावर फेकेल.

बदलापूरकडे परत येऊ. जानेवारी 2026 मध्ये कुळगाव-बदलापूर नगरपालिकेत भाजपने स्वीकृत नगरसेवक म्हणून एका माणसाची निवड केली. तो त्याच शाळेच्या संस्थेतला पदाधिकारी, त्याच गुन्ह्यातला सहआरोपी. ओरड झाली आणि त्याने लगेच राजीनामा दिला. ज्या पक्षाच्या नेत्याचा फोटो ‘बदला पुरा’च्या फलकावर होता, तोच हा पक्ष. कुणाच्या तरी मनात ते प्रकरण सोळा महिन्यांपूर्वीच मिटलेले होते म्हणूनच ही निवड होऊ शकली. राक्षस मेला की नगर सुखी होते. सहआरोपीवरचा खटला, पाच पोलिसांवरचा तपास आणि शाळांच्या सुरक्षेबाबत न्यायालयाने उपस्थित केलेले प्रश्न मात्र मिटलेले नाहीत. कल्याणच्या न्यायालयात पुढच्या तारखा पडतील तेव्हा त्या खोलीत मागच्या बाकांवर कोण बसलेले असेल, हे अंबरनाथ-बदलापूरच्या पंचायत समित्यांच्या आणि नगरपालिकांच्या राजकारणापेक्षा आपल्या विहारांतल्या महिला मंडळांनी आणि तरुण मंडळांनी ठरवायचे आहे. लोकलने कल्याण तीन स्टेशनांवर आहे.